बेळगावची थंडी: हीटर घ्यायच्या आधी

दिवाळी झाली की इलेक्ट्रिकच्या दुकानांत हीटरचे खोके दर्शनी भागात येतात आणि पहिल्या गारठ्याला घरोघर एकच प्रश्न निघतो, कुठला घ्यायचा? बहुतेक घरांनी तो घ्यायचाच नाही, निदान सगळ्यात आधी तरी नाही.

आपल्याकडची थंडी दिल्लीसारखी दिवसभर मुक्काम करत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १२ ते १५ अंशांवर, एखाद्या लाटेत १०च्या आसपास, आणि दुपारी तोच २८-३०ला. गारठा खरा बोचतो तो पहाटे तीनपासून सकाळी आठपर्यंत. त्यातले बहुतेक तास आपण अंथरुणात असतो, उरलेला वेळ न्हाणीत. तेव्हा पैसा आणि डोकं दोन्ही तिथंच घालावं: अंथरूण आणि अंघोळीचं पाणी. अख्खी खोली तापवणं हा या भागातला सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी उपयोगी पडणारा उपाय आहे.

हिशेब करून बघा. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली घेतली तर तिच्यात सुमारे ३४ घनमीटर, म्हणजे ४० किलोच्या आसपास हवा असते. ती ५ अंशांनी तापवायला युनिटचा सतरावा-अठरावा भाग पुरतो. मग दोन हजार वॉटचा हीटर तासन् तास का चालवावा लागतो? कारण तापलेली हवा खोलीत राहतच नाही आणि भिंती, फरशी, स्लॅब हे टनावारी वजनाचं थंड सामान उष्णता पीत राहतं. हीटर बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा हुडहुडी भरते ती यामुळे.

घर कसलं आहे त्यावर पुढचं ठरतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती आणि मंगळुरी कौलं. चिरा सच्छिद्र, भिंत जाड, त्यामुळे भिंतीतून फारसं जात नाही. जातं ते वरून. कौलांचे सांधे, आढ्याजवळची फट, भिंत आणि वासे यांच्यामधली मोकळी जागा, इथून गरम हवा सरळ बाहेर. अशा घरात ब्लोअर लावणं म्हणजे अंगण तापवणं. निपाणी-चिकोडीकडच्या जुन्या काळ्या दगडाच्या किंवा मातीच्या घरांत भिंत दीड-दोन फुटांची असते. ती दिवसाचं ऊन धरते आणि रात्री उशिरापर्यंत हळूहळू सोडते, म्हणून पांढऱ्या मातीच्या सोप्यात पहाटेही तितका गारठा लागत नाही. आणि शहराच्या वाढीव वस्त्यांतली सहा इंची ब्लॉकची, वर नुसता स्लॅब असलेली घरं? संध्याकाळी नऊपर्यंत उबदार, पहाटे पाचला बर्फ. निरभ्र रात्री स्लॅब आपली उष्णता आकाशाकडं सोडून देतो. म्हणून वरच्या मजल्यावरची खोली खालच्या मजल्यापेक्षा नेहमी जास्त गार, आणि गच्चीवरच्या एकट्या खोलीचं तर विचारूच नका.

कौलारू घरात सगळ्यात फायद्याचं काम म्हणजे झोपायच्या खोलीवर माळा घालणं. फळ्यांचा घालता आला तर उत्तम, नाहीतर बांबूच्या तट्ट्या आणि खालून जाड सुती कापड. आठ-नऊ फुटांवर छत आलं की वरची सगळी पोकळी हवेच्या थराचं काम करते, उन्हाळ्यातही खोली गार राहते. कौलांखाली रिपांना चमकीचा बबल शीट ठोकायची पद्धत आता आली आहे. तो चालतो, फक्त कौल आणि शीट यांच्यात दोन-तीन बोटं जागा सोडावी, नाहीतर पावसाळ्यात रीप कुजते. थर्माकोलचं किंवा प्लास्टिकच्या पट्ट्यांचं छत मात्र ज्या घरात चूल पेटते तिथं घालू नये. ठिणगी वर गेली तर ते पेटतं आणि वितळून खाली गळतं. चूल ज्या खोलीत आहे तिथं माळा घातलात तर धूर जायला वर वाट ठेवा.

हिवाळ्यात आपल्याकडं वारा मुख्यतः पूर्वेकडून येतो, कोरडा आणि बोचरा. पावसाळ्यात पश्चिमेची खिडकी सांभाळायची, थंडीत पूर्वेची. दरवाज्याखालची अर्ध्या इंचाची फट क्षुल्लक वाटते, पण रात्रभर जमिनीलगत गार हवेचा पाट वाहतो तो तिथूनच, आणि खाली झोपणाऱ्याच्या बरोबर कानाशी. जुन्या साडीची चार बोटं जाड नळी शिवा, तीत कोरडी वाळू किंवा भाताचं तूस भरा, दाराशी टाका. तूस हलकं, पण उंदरांना आवडतं. वाळू बरी. खिडकीची तावदानं सैल असतील तर चौकटीला फोमची चिकटपट्टी पुरते. आणि खिडक्या लावायच्या त्या साडेपाचच्या आत. आठला लावून काही उपयोग नसतो, तोवर भिंतीतली दुपारची ऊब निघून गेलेली असते. सकाळी नऊनंतर मात्र दक्षिणेची आणि पूर्वेची खिडकी सताड उघडा, पडदे बाजूला, ऊन थेट फरशीवर पडू दे. फुकटचं आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. ज्या खोलीत काहीही जळतं, मग ते लाकूड असो, कोळसा असो की गॅस, तिथला वरचा झरोका बुजवायचा नाही. यावर पुढं येतोच.

आता अंथरूण. थंडी वरून लागते असं वाटतं, पण खाली झोपणाऱ्याला ती निम्मी फरशीतून येते. अंगाच्या भारानं गादी दबते, दबलेल्या कापसात हवा उरत नाही आणि शहाबादी फरशी किंवा टाइल्स सरळ अंगातली ऊब ओढतात. म्हणून वर आणखी एक ब्लँकेट घेण्याआधी खाली काहीतरी घाला. क्रम असा: फरशीवर चटई, तिच्यावर घडी केलेली घोंगडी, मग गादी. पट्टीच्या खाटेवर किंवा लोखंडी पलंगावरही हेच, कारण तिथं खालून वारा लागतो. म्हातारी माणसं ‘कितीबी पांघरलं तरी गार लागतंय’ म्हणतात तेव्हा बहुधा गादीखाली काही नसतं.

घोंगडीला अजून तोड नाही. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, काळी-करडी. खड्ड्याच्या मागावर विणताना ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते आणि अंगाला टोचते. वापरात ती मऊ होत जाते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल शोषून घेते तरी हाताला ओली लागत नाही, त्यामुळे खानापूरकडच्या धुक्यादहिवरातही घोंगडी गार पडत नाही. शिवाय लोकर सहजी पेट घेत नाही, ठिणगी पडली तर तेवढीच जागा करपून विझते. बाजारातलं जाड मिंक ब्लँकेट गरम असतं, स्वस्तही पडतं, पण ते पॉलिएस्टरचं. शेकोटीजवळ ते गुंडाळून बसणं धोक्याचं, पेटलं की वितळून कातडीला चिकटतं.

घोंगडी अंगाला थेट लावू नका. आत वाकळ, वर घोंगडी. वाकळ मऊ, घाम टिपते आणि अंगाबरोबर वळते. वरची घोंगडी वारा अडवते आणि वाकळेच्या थरांत अडकलेली हवा तशीच ठेवते. ऊब देते ती कापडात अडकलेली हवा, कापड नव्हे, हे एकदा डोक्यात बसलं की वाकळ कशी शिवायची तेही कळतं. चार ते सहा थर पुरे. दहा थरांची वाकळ जड होते, त्या प्रमाणात गरम होत नाही. धावदोऱ्याच्या ओळी कडेपासून आत घेत जायच्या, दोन ओळींत साधारण बोटभर अंतर. फार दाट शिवली तर थर चपटे होऊन हवा जाते, फार विरळ शिवली तर धुताना आतलं कापड सरकून गोळा होतो. बाहेरचे दोन्ही थर जुन्या सुती लुगड्याचे किंवा धोतराचे. इरकल जुनं झालं की यासाठी झकास. आत सिंथेटिक साडी घालायची असेल तर खुशाल घाला, पण सगळी कापडं शिवण्याआधी एकदा गरम पाण्यातून काढा. सुती आटतं, सिंथेटिक आटत नाही, आणि पहिल्याच धुण्यात वाकळेला सुरकुत्यांचे डोंगर येतात ते यामुळंच. हल्याळ-खानापूरच्या रानात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका शिवतात त्या कौद्या याच जातीच्या, ठिगळांची मांडणी मात्र बघत राहावी अशी.

कापसाची दुलई दोन-तीन हिवाळ्यांत बसते. हातानं दाबून बघा. दाबलेली जागा पाच मिनिटांत वर आली नाही तर पिंजून घ्यायची वेळ झाली. एकेरी दुलईला दोन ते अडीच किलो कापूस. पिंजाऱ्याकडं द्यायच्या आधी दोन दिवस कडक उन्हात टाका, ओला कापूस नीट पिंजला जात नाही.

आणि ऊन. पावसाळाभर कपाटात पडलेल्या अंथरुणांत ओल असते. हात लावून कळत नाही, पण रात्री पांघरल्यावर पहिला अर्धा तास अंग काकडतं ते त्या ओलीनं. ऑक्टोबरअखेर सगळी पांघरुणं तीन-चार दिवस वाळवा. त्यानंतर रोज शक्य नसलं तरी आठवड्यातून दोनदा, अकरा ते तीन. साडेतीनला उचला आणि गरम असतानाच घडी घालून गादीत गुंडाळून ठेवा. संध्याकाळी सहापर्यंत बाहेर राहिलं तर वाळवलेलं सगळं वाया, दव पडायला सुरुवात होते.

तरीही ज्यांचे पाय रात्रभर गार राहतात त्यांच्यासाठी रबरी पिशवी. दोन लिटरच्या पिशवीत दोन-तृतीयांश पाणी भरा, उकळतं नाही, बोट क्षणभर बुडवता येत नाही इतपत, ६०-६५ अंश. झाकण लावायच्या आधी पिशवी टेबलावर आडवी दाबून हवा काढा. हवा राहिली की पिशवी फुगते आणि झाकणाशी ताण येतो. झाकणातला वॉशर कडक झाला असेल तर पिशवी टाकून द्या. पायमोज्यात किंवा टॉवेलात गुंडाळूनच अंथरुणात ठेवा. ज्यांना मधुमेहामुळे पायाला नीट स्पर्श कळत नाही त्यांनी ती झोपायच्या आधी अंथरुणात ठेवावी आणि पाय आत घालताना काढून टाकावी. चटका कळत नाही आणि जखम महिनोन् महिने भरत नाही.

विजेची चादर हा प्रकार इकडं कमी दिसतो, पण हीटरच्या तुलनेत फार शहाणा. एकेरी चादर साधारण शंभर वॉटची. झोपायच्या अर्धा तास आधी लावली आणि पडताना बंद केली तर वीज नावाला. रात्रभर चालवली तरी आठ तासांचं एक युनिटसुद्धा होत नाही. गादीवर सपाट पसरायची, घडी पडू द्यायची नाही, घडीत तार तापून जळते. लहान बाळाच्या आणि अंथरूण ओलं करणाऱ्या पोराच्या बिछान्यात घालू नका.

आता पाणी. एक बादली, म्हणजे वीस लिटर, २० अंशांवरून ४२वर न्यायला सुमारे अर्धं युनिट वीज लागते किंवा गॅस गिझरवर ५० ग्रॅमच्या आसपास गॅस. १४.२ किलोच्या सिलिंडरात सव्वादोनशे ते पावणेतीनशे बादल्या निघतात. हे आकडे मनात असले की कुठलं साधन महाग, कुठलं स्वस्त, याचा हिशेब आपल्या घराच्या दरानं ज्याचा त्याला करता येतो.

ज्यांच्याकडं जळण आहे त्यांना बंब किंवा न्हाणीतला हंडा. हंड्याखालचं चुलवण उघडं असतं, ज्वाळा कडेनं निसटते, म्हणून त्याच पाण्याला जास्त जळण जातं. बंबात धूर मधल्या नळीतून वर जातो आणि चारी बाजूंनी पाणी, त्यामुळे उष्णता कामी येते. तीस लिटरच्या बंबाला दीड-दोन किलो वाळलेलं जळण पुरतं. तीन-चार किलो जात असेल तर कारणं दोनच: जळण ओलं आहे किंवा नळीत काजळी बसली आहे. जळण फोडून आडोशाला किमान एक उन्हाळा वाळलेलं हवं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा, टणक आवाज आला तर वाळलं, बद् झालं तर ओलं. काजळीसाठी आठवड्यातून एकदा, बंब गार असताना, काठीला चिंधी किंवा काथ्या बांधून नळी वरून खाली घासा. राखेचं दार रोज मोकळं करा. जाळीखाली राख भरली की खालून हवा मिळत नाही, जाळ मरतो आणि घरभर धूर होतो.

बंब बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणानं: पाणी न भरता पेटवला किंवा तोटीतून सगळं पाणी काढून घेतलं आणि निखारे आत तसेच राहिले. तांब्याला काही होत नाही, पण सांध्यांचा डाग कथलाचा असतो, तो पाणी नसलं की वितळतो. मग तळातून टिपटिप सुरू. तांबटाकडं पुन्हा डाग मिळतो, पण दोन-तीनदा झालं की सांधा कमजोर होतो. तेव्हा सवय एकच: जेवढं गरम पाणी काढाल तेवढं गार लगेच वरून ओता. बोअरचं पाणी असेल तर आत पांढरा थर धरतो आणि बंब तापायला वेळ लागतो. दर दोन-तीन महिन्यांनी दहा लिटर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून आत भरा, दोन तास ठेवा, काढून टाका आणि दोनदा नुसत्या पाण्यानं विसळा. रात्रभर ठेवू नका, आंबट पाणी तांब्यालाच खातं. हे पाणी प्यायचं नाही हे सांगायला नको.

कशानं पेटवता तेही महत्त्वाचं. उसाचं पाचट भस्सकन जळून जातं, फक्त पेटवण्यापुरतं. शेणी सावकाश धुमसतात, पाणी कोमट ठेवायला चांगल्या, तापवायला नाहीत. तुरीच्या काड्या मधल्यामध्ये बऱ्या. काजूची टरफलं खानापूर-चंदगड भागात कारखान्यांकडून स्वस्तात मिळतात आणि जोरदार जळतात, पण त्यातलं तेल कातडीला पोळणारं असतं आणि त्याचा धूर डोळे-घशाला झोंबतो. घराला लागून असलेल्या न्हाणीत ती नकोत. निपाणीकडं तंबाखूच्या काड्यांचं तेच.

ज्यांच्या जवळ सॉ मिल आहे त्यांच्यासाठी भुश्याची शेगडी अजूनही सगळ्यात स्वस्त. पत्र्याचा लहान डबा घ्या, पंधरा लिटरचा तेलाचा चालतो, वरचं तोंड पूर्ण उघडं, खाली एका बाजूला दोन-अडीच इंचाचं भोक. त्या भोकातून एक गोल दांडा आडवा मध्यापर्यंत सरकवा. दुसरा दांडा किंवा बाटली त्याच्या टोकावर उभी धरा. आता कोरडा भुसा चार-चार बोटांच्या थरानं टाका आणि प्रत्येक थर मुठीनं किंवा लाकडी ठोकळ्यानं घट्ट ठोका. वरपर्यंत भरलं की दोन्ही दांडे गोल फिरवत हळू ओढून काढा. मध्ये काटकोनी बोगदा तयार होतो. खालच्या भोकातून कागद किंवा रॉकेलची चिंधी पेटवून सारा. जाळ आतल्या भिंतीला धरतो आणि बाहेरच्या बाजूला सरकत जातो, तीन-चार तास एकसारखी धग. फसतं कुठं? भुसा सैल ठोकला तर बोगदा कोसळतो आणि नुसता धूर. भुसा दमट असेल तर तेच. आणि जळताना शेगडी हलवली की संपलंच. ही शेगडी अंगणात किंवा मागच्या परसात, घरात नाही.

घरात का नाही? धुरानं डोळे चुरचुरतात तो त्रास परवडला. खरा धोका धूर थांबल्यावर सुरू होतो. लालबुंद निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि बंद खोलीत ती झोप शेवटची ठरू शकते. ‘धूर संपला, आता शेगडी आत घ्या’ हे वाक्य थंडीतलं सगळ्यात घातक वाक्य आहे. उद्यमबागेतल्या फौंड्रीतला उरलेला कोक काहीजण शेगडीत वापरतात. तो भात्याच्या वाऱ्यावर जळायचा माल, साध्या शेगडीत अर्धवट जळतो आणि हा वायू आणखी सोडतो.

बाळंतिणीच्या खोलीबद्दल मुद्दाम लिहितो, कारण तिथं खिडक्या घट्ट बंद, दाराला पडदा आणि खाटेखाली शेगडी अशी पद्धत अजून आहे. बाळाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा वेगानं चालतो, त्याला विषबाधा आधी होते आणि ते सांगू शकत नाही. आजीला शेक बंद करायला सांगितलं तर ती ऐकणार नाही, आणि बंद करायची गरजही नाही. शेगडी दुसऱ्या खोलीत ठेवा. तव्यावर ओवा गरम करून सुती फडक्यात पुरचुंडी बांधा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून चटका बघा, मग शेका. बाळाला पुरचुंडीनं नाही, नुसत्या गरम केलेल्या हातानं.

हाच वायू गॅस गिझरमधूनही निघतो. पाच-सहा लिटरचा गिझर म्हणजे दहा-बारा किलोवॉटची आग, घरातल्या मोठ्या बर्नरच्या तीन-चार पट. चार बाय पाच फुटांच्या बंद न्हाणीत ती काही मिनिटांत हवेतला प्राणवायू खाते, ज्वाळा अर्धवट जळू लागते आणि आत अंघोळ करणारा माणूस तिथंच कोसळतो. गिझर न्हाणीच्या बाहेर, गॅलरीत किंवा मागच्या भिंतीला लावा आणि गरम पाण्याची नळी आत घ्या. वीस फूट पाइप जास्त लागेल, लागू दे. ज्वाळा निळी हवी. पिवळी दिसली किंवा वरच्या पत्र्यावर काळं आलं तर बर्नर साफ करून घेईपर्यंत वापर बंद. गिझर पेटतच नसेल तर दोन गोष्टी आधी बघा: बॅटरीचे दोन मोठे सेल आणि पाण्याचा दाब. टाकी गिझरच्या जेमतेम मीटरभर वर असली की दाबाचा पडदा हलत नाही आणि ठिणगी पडत नाही. टाकी तीनेक मीटर तरी वर हवी. सेल नवे, दाब ठीक, तरी पेटत नाही तर पाणी आत येतं तिथली जाळी गाळानं भरलेली असते.

सोलर हिवाळ्यात आपल्याकडं सुंदर चालतो, आकाश निरभ्र असतं. तोंड दक्षिणेला आणि उतार २५ ते ३० अंश ठेवला तर खालून फिरणारं थंडीतलं ऊन नीट मिळतं. लोकांची तक्रार असते की सकाळी सुरुवातीचं पाणी गारच येतं. तो दोष सोलरचा नाही, पाइपचा. पाऊण इंची बारा मीटर पाइपमध्ये पावणेचार लिटर पाणी उभं असतं, ते रात्रभर गार झालेलं. पाइपला फोमची नळी घाला आणि शक्य असेल तर अर्धा इंची वापरा. आणि टाकीतली बॅकअपची कॉइल विसरून चालू ठेवू नका. शंभर लिटर ३० अंशांनी तापवताना एका वेळी साडेतीन युनिट जातात.

रॉडनं पाणी तापवणाऱ्यांसाठी एवढंच: आधी बादलीत रॉड, मग पाणी खुणेपर्यंत, मग बटण. काढताना बटण बंद, प्लग बाहेर, मग हात. दीड हजार वॉटच्या रॉडला बादलीभर पाण्यासाठी वीस मिनिटं लागतात, अर्ध्या तासानं आठवण आली तर पाणी पोळतं.

हे सगळं करूनही हीटर हवाच असेल, घरात आजारी माणूस असेल, तर घ्या. कौलारू घरात लाल नळीचा, क्वार्ट्झचा. तो हवेऐवजी समोरच्या अंगाला तापवतो, म्हणून तीन-चार फुटांवर, माणसाकडं तोंड करून. पडदा आणि पांघरूण मीटरभर लांब. स्लॅबच्या, नीट बंद होणाऱ्या खोलीत तेलाचा हीटर. तापायला अर्धा तास घेतो, पण आवाज नाही, उघडी तार नाही. ब्लोअर फक्त कपडे बदलण्यापुरता. दोन हजार वॉटला जवळजवळ नऊ अँपिअर लागतात. त्याला सहा अँपिअरचा साधा बोर्ड आणि बारीक वायरची एक्स्टेन्शन चालत नाही. प्लग हाताला गरम लागला किंवा तपकिरी झाला तर वेळीच थांबा. सोळा अँपिअरचं सॉकेट, अडीच चौरस मिलिमीटरची तार, अर्थिंग, आणि मेनला ३० मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर एवढं इलेक्ट्रिशियनकडून आधी करून घ्या. जुन्या वाड्यांत दोन-पिनी वायरिंग असते, तिथं तर हे आधी.

आणि बिल. कर्नाटकात २०२३पासून सरकारच्या गृहज्योती योजनेत महिन्याला २०० युनिटपर्यंतची वीज, घराच्या आधीच्या सरासरी वापरावरून ठरलेल्या मर्यादेत, मोफत आहे, पण २०० ओलांडले की वरचेच नाही, सगळेच युनिट भरावे लागतात. दीड हजार वॉटचा हीटर रोज तीन तास चालला तर महिन्याला १३५ युनिट. एरवी ११० युनिट वापरणारं घर २४५वर जातं आणि शून्याच्या बिलाच्या जागी अख्खं बिल हातात येतं. हीटर लावायचाच असेल तर मीटर दर आठवड्याला वाचा. आठवड्याला पंचेचाळीसच्या वर गेलात की पुढच्या आठवड्यात तास कमी करा.

शिवरात्रीनंतर घोंगड्या आत जातील तेव्हा: आधी झटकून दोन दिवस ऊन, डाग असेल तेवढाच भाग गार पाण्यानं आणि रिठ्यानं धुवायचा. मशीनमध्ये टाकली तर लोकर आटून बसकराएवढी होते. पूर्ण कोरडी झाल्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला घडीत घालून सुती कापडात बांधा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत ओल धरते. पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली तर पावसाळ्यात एकदा, ऊन पडेल तेव्हा, उघडून बघा. कसर लागली तर तेव्हाच कळते.